मानवी नजरचूक

१

कोंडाबाईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले आणि भर दवाखान्यात नवऱ्याकडे टक लावून बघत तिने "एवढे म्हातारे झालात व्हय तुमी!" असं ठणकावून म्हटलं, ते साल दोन हजार पंचवीस. दिवाळी होऊन महिना झाला होता. हैद्राबादेत, विद्यानगरच्या दोन खोल्यांत सूर्यभान तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालायचा. कोणते थेंब कधी, हे त्याने स्वतःच्या हाताने मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं होतं आणि तो कागद सदऱ्याच्या खिशात घालून तो मानाने हिंडायचा.

सूर्यभान अक्षर शिकला तो पन्नाशीत. त्याआधी तीस वर्षं त्याने विद्यापीठात अटेंडर म्हणून फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. कोणती फाईल कुठली, हे तो चहाच्या डागांवरून ओळखायचा. एकदाही चुकला नाही. साहेब लोक नावं वाचून चुकायचे.

गुरुवारी दुपारी तीनचे थेंब घालून होतात न होतात तोच त्याची नात रोशनी दारात उभी राहिली. ही तिची यायची वेळ नव्हती. डोळे सुजलेले, हातात एक कागद.

"आबा, जरा वाचून सांगा ना. मराठीत आहे. मला फास्ट नाही वाचता येत, आणि त्यांनी संध्याकाळी साईन करायला सांगितलंय."

"बारावी शिकली, कंप्युटरवर बसली, आन वाचून घ्यायला आज्याकडं आली," कोंडाबाई काळ्या चष्म्याआडून म्हणाली.

रोशनी 'नाडीबोल' नावाच्या कंपनीत होती. आजारी माणसाने फोन करायचा, मशीनने चार प्रश्न विचारायचे आणि दवाखान्यात आज यायचं की पुढच्या आठवड्यात, ते ठरवायचं. तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी, कशातही बोला. मशीनने ठरवलेलं बरोबर की नाही, हे माणसाने ऐकून तपासायचं. रोशनी त्या तपासणाऱ्यांपैकी एक.

सूर्यभानने चष्मा चढवला, ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागला.

"'दिनांक सहा नोव्हेंबर रोजी रुग्णाचा कॉल मी तपासला. माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीचा निर्णय कायम राहिला व अकरा नोव्हेंबर रोजी सदर रुग्णाचा मृत्यू झाला. यंत्रात कोणताही दोष नाही. दोष सर्वस्वी माझा आहे.'"

"आबा, तो कॉल माझ्याकडे आलाच नाही!" रोशनी रडायला लागली. "ऑक्टोबरपासून मराठीचा एक कॉल आला नाही मला. माझ्या नावाने कोणीतरी आत जाऊन लिहिलंय. सोमवारी फॉरेनचे पाहुणे येणार, त्याच्या आधी सही पाहिजे म्हणतात. सही केली तर फक्त काढून टाकू, नाही केली तर पोलीस."

सूर्यभानचं बोट पुढच्या ओळीवर गेलं होतं. तिथे रुग्णाचं नाव होतं. बोट तिथेच थांबलं.

"आवं, काय झालं?" कोंडाबाईने विचारलं.

"अंबाजी," सूर्यभान म्हणाला. "आपला कोठीचा अंबाजी."

२

कोठीच्या फुटपाथवर चाळीस वर्षं जुनी पुस्तकं विकणारा अंबाजी सोनकांबळे नांदेडकडचा. हैद्राबादेत एवढी वर्षं काढली की त्याच्या तोंडात मराठी आणि दखनी यांची खिचडी शिजून गेली होती. सूर्यभानला अंकलिपी दिली ती यानेच. "घे रे, फुकट घे. माझ्या गिऱ्हाइकात एक तरी वाढू दे," असं म्हणून.

अंबाजीची एक खोड सगळ्या बाजाराला ठाऊक होती. काहीही विचारा, तो म्हणायचा, परसों. हे पुस्तक कधी आलं? परसों आया. पुस्तकावर सहा वर्षांची धूळ. बायको कधी गेली? परसों गई बिचारी. तिला जाऊन बावीस वर्षं झालेली. ही त्याची एकट्याची खोड नव्हे, साऱ्या हैद्राबादची आहे. इथे रुळलेल्या माणसाचा परसों म्हणजे परवा नसतो. होऊन गेलेलं सगळं परसोंच.

अंबाजीला साखरेचा आजार. दसऱ्याच्या आधीपासून त्याच्या उजव्या पायाला जखम होती. सूर्यभानने ती स्वतः पाहिली होती, फडक्यात गुंडाळलेली. "दवाखान्यात जा," म्हटलं तर म्हणाला, "जातो की. फोनवर डॉक्टर निघालाय म्हणं, त्याला विचारतो आधी." त्याने विचारलं. आणि बारा तारखेला सूर्यभानने त्याला खांदा दिला.

मशीनने अंबाजीला काय सांगितलं, हे सूर्यभानला ठाऊक नव्हतं. ते त्याला ऐकायचं होतं.

"सही करू नको," त्याने रोशनीला सांगितलं. "म्हणावं, माझा आजा कमिटीचा मेंबर हाय. त्यानं बघितल्याबिगर सही नाही."

"तुमी मेंबर!" कोंडाबाई म्हणाली. "तिथं समोसा खायला बलावत्यात तुमाला."

"समोसा खाता खाता कान उघडेच असत्यात."

३

हे कमिटीचं प्रकरण असं. दूर कुठल्याशा थंड गावात, गरम हॉलमध्ये बसून, पुष्कळ देशांच्या विद्वानांनी विचार करणाऱ्या मशीनसाठी एक सनद केली होती. मशीनने माणसाशी नीतीने वागावं, असं त्या सनदेचं सार. माणसाने माणसाशी कसं वागावं हे ज्यांना पाच हजार वर्षांत जमलं नाही, ते आता लोखंडाला नीती शिकवणार होते. सनद पाळणाऱ्या कंपनीला एक प्रमाणपत्र मिळायचं, आणि ते असलं की तिचं मशीन वीस देशांत चालायचं. नाडीबोलला ते हवं होतं.

सनदेत लिहिलं होतं, कंपनीच्या नीतिसमितीवर एक सामान्य माणूस असावा. सामान्य माणूस कुठे मिळतो हे कंपनीतल्या कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी रोशनीला विचारलं. अशा रीतीने सूर्यभान समितीवर गेला. त्याचा फोटो चांगला आला. पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा. तो वाचू शकतो की नाही, हे कुणी विचारलं नाही. सही करतो एवढं पुरे होतं.

शुक्रवारी सकाळी तो माधापूरच्या त्या काचेच्या इमारतीत गेला. दारातच सनदेचा मोठा मराठी फलक होता, चकचकीत, मागून दिवा लावलेला. येणारे-जाणारे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. सूर्यभानने तो पहिल्याच दिवशी बोट धरून वाचला होता. आज पुन्हा वाचला. तिसरी ओळ अशी होती:

'यंत्राच्या प्रत्येक निर्णयावर मानवी नजरचूक अनिवार्य राहील.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला वाटलं, कायद्याची भाषा असेल, आपल्याला काय कळतं. आज मात्र तो फलकासमोर जरा जास्त वेळ उभा राहिला.

मशीन सांभाळणारा अप्पाराव त्याला आतल्या खोलीत घेऊन गेला. नल्लकुंट्याचा पोरगेला माणूस, कायम घाबरलेला. त्याने अंबाजीचा फोन लावून दाखवला. मशीनचा आवाज आला, मधाळ, शुद्ध. "जखम कधीपासून आहे?" आणि मग अंबाजीचा, दमेकरी, हसरा. "अरे, परसों से है बाबा. चलताच रहता."

"धन्यवाद," मशीन म्हणालं. "जखम दोन दिवसांची आहे. स्वच्छ पाण्याने धुवा. सात दिवसांत बरी न झाल्यास दवाखान्यात या."

खोलीत मेलेला माणूस बोलून गेला होता. सूर्यभानने नाक शिंकरलं.

"आता ती नोंद दाखव. माणसानं लिहिलेली."

अप्पारावने कागद काढून दिला. रुग्णाने फोनवर जी भाषा निवडली त्याच भाषेत नोंद ठेवायची, असा सनदेचा नियम. तेवढा नियम मात्र पाळला होता. खाली रोशनीचं नाव आणि सहा नोव्हेंबर ही तारीख होती.

'मानवी नजरचूक पूर्ण झाली. कॉल संपूर्ण ऐकला. जखम परवापासूनची आहे. यंत्राचा निर्णय योग्य आहे.'

सूर्यभानने ते तीनदा वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं, कोंडाबाईच्या थेंबांच्या कागदाशेजारी.

"दुसऱ्याच्या नावानं आत जाऊन असं लिहिता येतं का?"

अप्पारावने दाराकडे पाहिलं. "मास्टर चावी तीन जनों के पास है, तातगारू," तो तेलुगूतली 'आजोबा' अशी हाक मारत म्हणाला. "विवेक सर, केतकी मॅडम," आणि मग आवाज खाली घेऊन, "और मैं."

४

"तू लिहिलंस का?" सूर्यभानने सरळ विचारलं.

"अम्मा! मैं कैकू लिखूं?" अप्पाराव उडालाच.

"तुझं मशीन चुकलं तर नोकरी तुझी जाईल."

"मशीन मेरा नहीं जी, मैं तो बस झाडू मारताऊं उसकू."

"बरं. एक सांग. ही नोकरी तुला कधी लागली?"

"ये? परसोंइच लगी. तीन साल होगए." मग तो थांबला. त्याने फोनच्या त्या यंत्राकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड पडलं. "तातगारू... उनों परसों बोले. मतलब दो दिन नहीं."

"नाही," सूर्यभान म्हणाला. "दसऱ्याच्या आधीपासून."

अप्पारावला आणखी काही सांगायचं होतं. ओठ हलले, पण बाहेर चपलांचा आवाज झाला आणि त्याने मान खाली घातली.

केतकीबाई कंपनीच्या नीतिअधिकारी. पुण्याच्या. टेबलावर नीतीची जाड जाड पुस्तकं, त्यांतल्या कुठल्याही पुस्तकाचं पान दुमडलेलं नाही. त्यांनी सूर्यभानला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि रोशनीबद्दल वाईट वाटतं असंही म्हणाल्या. वाईट वाटण्यासाठी त्यांना पगार मिळत होता.

"बाई, एक शब्द विचारतो. परसों म्हणजे काय?"

"परवा," त्या चटकन म्हणाल्या. "का हो, आजोबा?"

"असंच. आन हे बघा जरा." त्याने नोंद पुढे केली.

केतकीबाईंनी पहिली ओळ वाचली आणि त्यांचे कान लाल झाले. "पुन्हा? पुन्हा तेच? अहो, इंग्रजीत ओव्हरसाइट हा एकच शब्द देखरेखीला पण वापरतात आणि चुकीला पण. मशीनकडून भाषांतर करून घेतलं की ते नजरचूक लिहितं. दारातल्या फलकावर तेच झालंय. मी तीन पत्रं लिहिली त्यावर. उत्तर आलं, फलक छान दिसतोय, राहू दे."

"मंग तुमी काय केलं?"

"काय करणार? पत्रांची प्रत ठेवली." त्यांनी खणातून खरंच तीन पत्रं काढली. एप्रिल, जून, ऑगस्ट. प्रत्येकात 'नजरचूक' या शब्दाखाली लाल रेघ.

"ही नोंद तुमी आजच पाहिली?"

"आजच. विवेक सर म्हणाले, मी स्वतः वाचलीये, पोरीने कबूलच केल्यासारखं आहे, तुम्ही पाहुण्यांच्या जेवणाचं बघा."

सूर्यभानला हसू आलं नाही. चूक कुठे आहे हे ठाऊक असून बाई आठ महिने तिच्याखालून रोज ये-जा करत होत्या. पुस्तकं वाचून माणूस एवढंच शिकतो का, असं त्याच्या मनात आलं.

विवेक साहेब कंपनीचे मुख्य. चाळिशीचे, मुंबईत वाढलेले, पायात पांढरे बूट. दर एक मेला इमारतीत फेटे वाटायचे आणि मराठी अभिमानावर भाषण करायचे.

"या, काका, या! आपली मराठी माणसं म्हणजे काय, घरचीच. चहा? रोशनीचं खूप दुःख झालं मला. गुणी मुलगी. पण काका, मशीन थकत नाही, माणूस थकतो. ह्यूमन एरर. जग मान्य करतं ते."

"साहेब, पोरीला माफी द्या. मी अर्ज लिहून आणलाय." सूर्यभानने आपल्या गोल अक्षरांतला कागद टेबलावर ठेवला.

विवेक साहेबांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग हसून परत दिला. "चष्मा घरी राहिला हो. तुम्हीच थोडक्यात सांगा ना."

सूर्यभानने सांगितलं. सांगत असतानाच साहेबांचा फोन वाजला. त्यांनी त्यावरचा बारीक इंग्रजी मजकूर वाचला आणि अंगठ्याने भराभर उत्तर लिहिलं.

"बघतो मी," ते म्हणाले. "पण आधी सही. सोमवारी पाहुण्यांना दाखवायला एक जबाबदार माणूस लागेल ना? सनदेतच आहे तसं."

सूर्यभान उठला. काहीतरी ओळखीचं घडलं होतं, पण काय ते त्याला लक्षात येईना.

५

शनिवारी दुपारी त्याने कोंडाबाईला सगळं सांगितलं. रोशनी भिंतीला टेकून बसली होती.

"तीन चाव्या," तो म्हणाला. "नोंदीत लिहिलंय, जखम परवापासूनची. हैद्राबादेत वाढलेला माणूस परसों ऐकून परवा लिहिणार नाही. रोशनी, तू लिहिलं असतंस?"

"नाही, आबा. मी तर अख्खी लाईफ परसों बोलते."

"म्हणून तू नाहीस. अप्पाराव नाही. राहिली दोघं, पुण्याची आन मुंबईचा. त्यात नोंदीवर नजरचूक. म्हणजे लिहिणारानं इंग्रजीत लिहून मशीनकडून मराठी करून घेतलं, आन पुन्हा वाचलं नाही. केतकीबाईनं वाचलं असतं. त्या शब्दावर तिनं तीन पत्रं लिहिलीत, तिला तो शंभर पावलांवरून दिसंल."

"मंग तो साहेबच," कोंडाबाई म्हणाली. "सोपं हाय."

"सोपं न्हाई. तो बी मराठीच. त्यानं का वाचलं नसंल? भाषणं करतो की मराठीवर."

कोंडाबाईने काळा चष्मा काढून पदराने पुसला. "मला आता समदं दिसाया लागलंय म्हणून सांगते. तुमी तीस वर्सं लोकान्ला काय सांगत हुता, आटवतंय का? ब्यांकेत, रेशनवर, पोरान्च्या शाळंत? 'चष्मा घरी राह्यला.' आवं, तवा तुमाला चष्माच नव्हता!"

रोशनी रडता रडता हसली. सूर्यभान मात्र हसला नाही. तो कोंडाबाईकडे बघतच राहिला.

"काय झालं?"

"बारीक इंग्रजी वाचली त्यानं," सूर्यभान हळूच म्हणाला. "चष्म्याबिगर."

ज्याने अर्धा जन्म अक्षरांवाचून काढला, त्याला ती सारी नाटकं पाठ असतात. कागद जवळ नेणं, लांब धरणं, हसणं, 'तुम्हीच सांगा' म्हणणं. फरक एवढाच की सूर्यभानला लाज वाटायची म्हणून तो शेवटी शिकला. साहेबाला लाज वाटायचं कारण नव्हतं. त्याला इंग्रजी येत होती.

"पर हे शाबीत कसं करायचं?" रोशनीने विचारलं.

सूर्यभानने खिशातले दोन कागद काढले, एकावर एक ठेवून पाहिले. दोन्ही अर्ध्या पानाचे, दोन्हींवर चार ओळी.

"कोंडे, सोमवारी तुझ्या थेंबांचा कागद मला लागंल," तो म्हणाला.

६

सोमवारी प्रमाणपत्र देणारे तिघे पाहुणे आले. त्यांची प्रमुख पिकल्या केसांची एक उंच बाई होती. त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार घातले आणि कपाळाला टिळे लावले. नीतीवर पाऊण तास चित्रं दाखवून झाली. विवेक साहेब पडद्यावरचं बारीक इंग्रजी चष्म्याविना घडाघडा वाचत होते. मग त्यांनी दुःखी चेहरा केला. एक खेदजनक घटना घडली, त्यात मानवी चूक होती, संबंधित कर्मचारी आज सही करत आहे. त्यांनी रोशनीकडे हात केला. तिच्यासमोर कागद आणि पेन होतं.

"साहेब, थोडं थांबा," सूर्यभान उठून म्हणाला. "मी समितीचा सामान्य माणूस."

पाहुण्या बाईने कौतुकाने मान हलवली. सामान्य माणूस बोलला, याचा तिला आनंद झाला. केतकीबाई शेजारी बसून तिला इंग्रजीत सांगत होत्या.

"पोरीचा गुन्हा ज्या नोंदीवर ठरतोय, ती एकदा मोठ्यानं वाचावी. साहेब, तुमी ती वाचली होती ना?"

"अर्थात. मीच पहिल्यांदा वाचली. धक्का बसला मला."

"कुणी वाचून नाही ना दाखवली?"

"काका, मराठी माणूस आहे मी!" विवेक साहेब हसले. बाकीचेही हसले.

"मंग तुमीच वाचा," सूर्यभान म्हणाला आणि खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला. "हातानं उतरून आणलीय. माझा चष्मा घरी राहिला."

विवेक साहेबांनी क्षणभर कागदाकडे पाहिलं. पाऊण तास सगळ्यांदेखत वाचलेलं असल्यामुळे आज त्यांचा चष्मा घरी राहू शकत नव्हता. त्यांनी घसा साफ केला, कागद छातीसमोर धरला, आणि गंभीर आवाजात वाचलं.

"'मानवी देखरेख पूर्ण झाली. कॉल संपूर्ण ऐकला. जखम परवापासूनची आहे. यंत्राचा निर्णय योग्य आहे.'"

"झालं?"

"झालं. एवढंच आहे."

"केतकीबाई," सूर्यभान म्हणाला, "त्यांच्या हातातला कागद आता तुमी वाचा."

केतकीबाईंनी कागद घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी एकदा सूर्यभानकडे पाहिलं आणि वाचायला लागल्या, आधी हळू, मग मोठ्याने.

"'कोंडाबाईचे थेंब. लाल झाकण, सकाळी आठ, दुपारी तीन. निळं झाकण, अकरा आणि सहा. आधी हात धुणे. डोळा चोळू नये.'"

पाहुण्या बाईने विचारलं काय झालं, आणि केतकीबाईंनी सांगितलं. तिने गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"साहेबाला मराठी अक्षर वाचता येत नाही," सूर्यभान म्हणाला. "तो गुन्हा नव्हे. मलाही येत नव्हतं. पर ज्याला वाचता येत नाही, ज्याला कुणी वाचून दाखवलं नाही, त्याला ती नोंद तोंडपाठ कशी? ज्यानं लिहिली त्यालाच ती पाठ असणार."

"नॉन्सेन्स!" विवेक साहेब ओरडले. "मी मशीनकडून वाचून घेतली असेल! फोनवर! सगळेच करतात!"

"तसं केलं असतं तर मशीननं 'नजरचूक' हाच शब्द वाचून दाखवला असता." सूर्यभानने दुसरा कागद, खरा, काढला. "हितं लिहिलंय, 'मानवी नजरचूक पूर्ण झाली.' देखरेख हा शब्द या कागदात कुठंच नाही. तो तुमच्या डोक्यात होता, कारण इंग्रजीत तुमी तोच लिहिला. मराठी मशीननं केली. तुमच्या मशीनच्या पोटातून काय बाहेर पडलं, ते तुमी बघितलंबी नाही. अंबाजीच्या वेळी जे केलं, तेच स्वतःच्या वेळी."

विवेक साहेबांनी अप्पारावकडे पाहिलं. तेच त्यांचं चुकलं. घाबरलेल्या माणसाकडे सगळ्यांदेखत तसं बघू नये, तो दुसरीकडून फुटतो.

"इंग्रजी वाला पर्चा मशीन में है," अप्पाराव उभा राहून म्हणाला. "सर के कंप्युटर से गया. बारा तारीख कू, दोपहर में. छे तारीख बाद में डाले. और मराठी की जांच तो अक्टूबर सेइच बंद है जी. सर बोले, माणूस ऐकत बसला तर टाईम लगता. परसों से बोलनेकू देख रऊं मैं." मग त्याच्या लक्षात आलं. "मतलब, बहुत दिन से."

बारा तारखेला दुपारी सूर्यभान अंबाजीला खांदा देत होता. त्याच वेळी इथे बसून कुणीतरी त्या मेलेल्या माणसाचा फोन 'संपूर्ण ऐकत' होता.

रोशनीने समोरचा कागद उचलला आणि फाडला. चार तुकडे झाले, मग आठ. कुणी तिला थांबवलं नाही.

७

विवेक साहेबांना कंपनीने रजेवर पाठवलं. इंग्रजी नोंद पोलिसांकडे गेली. पाहुण्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही, पुढे ढकललं. ढकललेली गोष्ट मोठ्या माणसांच्या गावात कधीतरी पोचतेच, हे सूर्यभानला ठाऊक होतं. दारातला फलक मात्र दुसऱ्याच दिवशी उतरला. आठ महिन्यांत तीन पत्रांनी जे झालं नाही, ते डोळ्यांच्या थेंबांच्या एका कागदाने झालं, असं कोंडाबाई शेजारणीला सांगत असे.

डिसेंबरात समितीचा अहवाल तयार झाला. एक्केचाळीस पानं. सही करायला सूर्यभानला बोलावलं. सगळ्यांनी आधीच केल्या होत्या, समोसे आले होते.

सूर्यभानने चष्मा चढवला, पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.

"आजोबा, शेवटच्या पानावर सही आहे," केतकीबाई म्हणाल्या.

"पहिल्यापासून सुरू होतंय ना? मंग पहिल्यापासून."

अडीच तास लागले. समोसे गार झाले. दोन साहेब घड्याळं बघून निघून गेले. अहवालात 'प्रक्रियेतील त्रुटी' एकोणीस वेळा होती, 'भागधारक' सव्वीस वेळा. मशीनची बाजू होती, कंपनीची बाजू होती, सनदेची बाजू होती. जखम एकदाच होती, आणि ती 'बाधित व्यक्ती क्रमांक एक' हिच्या पायाला होती.

"नाव कुठं हाय?" सूर्यभानने विचारलं.

"नाव घालता येत नाही. खाजगीपणाचा नियम आहे. सनदेत."

"जिवंत होता तवा त्याचं कुणी ऐकलं नाही. आता मेल्यावर त्याचा खाजगीपणा?" त्याने अहवाल मिटला. "नाव नाही तर सही नाही. त्याच्या पोराला विचारून आलोय मी. तो म्हणाला, लिहा."

सामान्य माणसाच्या सहीवाचून अहवाल पुढे जात नव्हता. तेही सनदेतच होतं. मग, आठ महिन्यांत पहिल्यांदा, कुणालाही पत्र न लिहिता केतकीबाईंनी आपलं पेन त्याच्यापुढे सरकवलं.

शेवटच्या पानावर, सगळ्यांच्या सह्यांच्या खाली, सूर्यभानने मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं:

'अंबाजी मारोती सोनकांबळे, कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे, वय सत्तर, पायाच्या जुन्या जखमेचं विष अंगात भिनून, ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवारी, सकाळी नऊ वाजता वारले.'